घाट चढताना जळालेलं इंजिन: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. बाकी वाचणाऱ्यांना विषय कळावा म्हणून तुमच्या तक्रारी आधी मांडते. तुमच्या घरच्या मॉडेल रेल्वेची दोन जुनी एचओ मापाची इंजिनं तुम्ही डीसीसी डिकोडर (प्रत्येक इंजिन वेगवेगळं चालवू देणारी डिजिटल चिप) बसवायला आमच्याकडे दिलीत. आम्ही दोन आठवडे सांगून पाच लावले आणि मजुरीचे २,८०० रुपये घेतले. घरी नेल्यावर तिसऱ्या दिवशी मागच्या इंजिनातून धूर आला आणि ते बंद पडलं. फोन केलात तर मी तुमच्या चढाला दोष दिला, आणि काउंटरवरच्या मुलानं 'रूळ पॉलिश पेपरनं घासून घ्या' म्हणून वाटेला लावलं. शिवाय चांगली चालणारी इंजिनं डिजिटलच्या नादानं उघडायला लावली, असंही तुम्ही लिहिलंय.

हे शेवटचं वाक्य सोडलं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे.

शनिवारी तुम्ही काउंटरवर ठेवून गेलेलं इंजिन मी काल रिव्ह्यू वाचल्यावरच उघडलं. ते खरं तर त्याच दिवशी उघडायला हवं होतं. या जुन्या इंजिनांत मोटरच्या खालच्या ब्रशची (मोटरला करंट पोचवणाऱ्या भागाची) पट्टी थेट धातूच्या चासीवर टेकलेली असते. चाकांतून करंट चासीत येतो आणि तिथून मोटरला मिळतो. साध्या डीसीवर, म्हणजे डिकोडरशिवाय, हे ठीक चालतं. डिकोडर बसवला की मात्र मोटर चासीपासून पूर्ण तोडावी लागते. रुळावरचा करंट लाल-काळ्या वायरींतून डिकोडरमध्ये जातो आणि नारिंगी-राखाडी वायरींतून मोटरला मिळतो, दुसरी कुठलीही वाट राहता कामा नये. मोटर चासीला जराशी जरी टेकली तरी रुळाचा करंट उलट्या बाजूनं डिकोडरच्या आउटपुटमध्ये घुसतो आणि डिकोडर जळतो.

तुमच्या इंजिनात तेच झालं. मोटरखाली मी साधी इन्सुलेशन टेप लावली होती. मोटरच्या उष्णतेनं आणि तेलानं तिचा गोंद सुटला, टेप एका बाजूला सरकली आणि पट्टी चासीला लागली. त्याहून मोठी चूक पुढची. मोटर चासीला टेकत नाही ना, हे मीटर लावून मी तपासलं होतं, पण मोटरचे स्क्रू आवळायच्या आधी. स्क्रू आवळल्यावर मोटर खाली दाबली जाते, म्हणून खरी तपासणी त्यानंतरच करायची असते. हे मला माहीत आहे, शिकायला येणाऱ्या मुलांना मी स्वतः सांगते, आणि त्या दिवशी मीच केलं नाही. प्रोग्रामिंग ट्रॅकवर (डिकोडर सेट करायच्या वेगळ्या रुळावर) डिकोडरचा पत्ता, म्हणजे त्याचा नंबर, नीट वाचला गेला, टेबलावर इंजिन दहा मिनिटं पुढे-मागे धावलं आणि मी ते पास केलं.

आता चढाबद्दल. तुमच्याकडे रूळ अडीच मीटरमध्ये १० सेंटीमीटर चढतो, म्हणजे २५ ला १. खऱ्या भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. तेवढाच ठेवायचा तर १० सेंटीमीटरला ३.७ मीटर रूळ लागेल, आणि पुण्याच्या फ्लॅटमधल्या खोलीत तो बसवणं किती अवघड आहे ते मला कळतं. तुमचा चढ जड आहे, डबे कमी लावावे लागतील, चाकं जागीच फिरतील. पण त्यानं डिकोडर जळायचा तर मोटर अडकून बसायला हवी, आणि तुमची मोटर हातानं फिरवली तर मोकळी फिरते. इंजिन न उघडता मी फोनवर कारण ठोकून दिलं, तेही तुमच्या महिनोन् महिन्यांच्या कामाला नाव ठेवून. याची मनापासून माफी मागते.

रुळांचंही सांगते. हे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नाव तसं असलं तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. पॉलिश पेपरनं त्यावर बारीक ओरखडे पडतात, त्यात काळा मळ धरतो आणि इंजिन आणखी अडखळतं. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, तेवढं पुरतं. मुलाला चुकीचं सांगू दिलं, तीही माझीच जबाबदारी.

मात्र 'डिजिटलचा नाद' हे मला मान्य नाही. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला कर्जत हवं होतं: गाडी येऊन थांबणार, मागून बँकर (घाटात गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन) हळूच येऊन टेकणार, दोघं मिळून घाट चढणार आणि लोणावळ्याला बँकर सुटणार. साध्या डीसीवर रुळात जेवढे व्होल्ट तेवढा वेग, आणि त्या रुळावरची सगळी इंजिनं एकदमच हलतात. रुळाचे तुकडे पाडून, प्रत्येकाला स्विच लावून काही अंशी जमतं, पण उभ्या गाडीला त्याच तुकड्यावर बँकर येऊन टेकणं जमत नाही. डीसीसीत रुळात करंट कायम असतो, हुकूम त्यातूनच जातो आणि प्रत्येक इंजिन फक्त आपल्या पत्त्याचा हुकूम ऐकतं. तुम्हाला जे दृश्य हवं होतं त्याला हाच सरळ मार्ग होता, आणि आजही मी तोच सांगेन.

पाच आठवड्यांपैकी दोन डिकोडर येण्यात गेले. उरलेला बराच वेळ दोन इंजिनांचे वेग जुळवण्यात गेला. बँकर जरा जरी जास्त रेटू लागला तर वळणावर मधले डबे उचलून रुळाबाहेर पडतात, म्हणून सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग पुन्हा पुन्हा बदलून दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी पळवावी लागतात. हे घाईनं होत नाही. पण उशीर होतोय हे फोन करून सांगायला दोन मिनिटं लागली असती, ती मी काढली नाहीत.

नवा डिकोडर माझ्या खर्चानं बसवतेय. मोटरखाली उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप आणि बोहरी आळीतून आणलेले नायलॉनचे स्क्रू लावतेय. २,८०० रुपये परत देते. इलेक्ट्रॉनिक वस्तूला गॅरंटी नसते, हा नियम आमच्या हातून जळालेल्या वस्तूला लागू नाही. गुरुवारी संध्याकाळी ५ नंतर या. स्क्रू आवळलेलं इंजिन आणि मीटर तुमच्या हातात देईन. एक टोक मोटरला, दुसरं चासीला लावून तुम्हीच बघा. बीप वाजला तर इंजिन नेऊ नका.

आणि पुढचं इंजिन सोबत आणा. त्यालाही मी तीच टेप लावली होती. तोपर्यंत ते रुळावर ठेवू नका.