फ्रीडरिख लिस्टला परवाना राजाचा जनक ठरवण्याआधी

सप्रेम नमस्कार,

एकोणिसाव्या शतकातला जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्ट याच्यावरच्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतलेत. त्याची संरक्षक जकात, म्हणजे देशी धंदे जगावेत म्हणून परदेशी मालावर बसवलेला कर, हेच आपले परवाना राज. त्यात कारखानदार गब्बर होतात नि गिऱ्हाईक भरडले जाते. आणि न्यायमूर्ती रानड्यांनी हा जर्मन माल जसाच्या तसा पुण्यात आणून खपवला. तिसरा आक्षेप वाचून हसू आले, पण खरी गंमत तिथेच आहे. त्याकडे शेवटी येतो.

लिस्ट सार्वजनिक जीवनात आला तो जकाती उठवा असे म्हणत. १८१९ मध्ये जर्मन व्यापाऱ्यांच्या वतीने जर्मन राज्यांच्या फ्रँकफर्टमधल्या संघसभेला त्याने अर्ज लिहिला. अनेक राज्यांत विभागलेल्या जर्मनीत तेव्हा ३८ जकात-सीमा होत्या. हँबर्गहून ऑस्ट्रियाला माल न्यायचा तर दहा राज्ये ओलांडा, दहा ठिकाणचे नियम पाठ करा, दहादा पैसे मोजा, ही त्याची तक्रार. (आपल्याकडच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) पुढे वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याच्या विधिमंडळात निवडून गेल्यावर त्याने तिथल्या नोकरशाहीवर, कारकुनांच्या राज्यावर, कोरडे ओढले. त्यापायी सदस्यत्व गेले, दहा महिन्यांची शिक्षा झाली, होहेनआस्पेर्गच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली आणि अखेर १८२५ मध्ये देश सोडून अमेरिकेला जावे लागले. अशा माणसाला परवाना राजाचे पितृत्व द्यायचे म्हणजे कमाल आहे.

देशाच्या वेशीवर जकात, आत मात्र मोकळी बाजारपेठ आणि चुरस, अशी त्याची मांडणी. आपण उदाहरण दिलेत ते स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचे. पण तो ताप परदेशी स्कूटरवरच्या करामुळेच झाला का? देशातल्या देशात कुणी किती गाड्या काढायच्या, हेही दिल्लीत ठरत होते. १९५१ च्या औद्योगिक कायद्याने आलेली ही परवाना पद्धत लिस्टच्या १८४१ च्या ग्रंथात शोधून सापडणार नाही.

उलट त्या ग्रंथात मर्यादा आकड्यांत दिलेली आहे. सुरुवातीला ४० ते ६० टक्के संरक्षण देऊनही एखादा धंदा उभा राहत नसेल, किंवा नंतर २० ते ३० टक्क्यांवर तग धरत नसेल, तर त्या देशात कारखानदारीला लागणारा पायाच नाही असे समजावे, असे तो म्हणतो. धान्यावर आणि कच्च्या मालावर संरक्षक जकात त्याला नकोच होती. आकडे कुठून काढले हे विचारायला हरकत नाही. मलाही ते अंदाजपंचे वाटतात. पण कायम कुबड्या द्या, असे सांगणारा माणूस असे आकडे कशाला लिहील?

गिऱ्हाइकाची झळ तो नाकारत नाही. आज महाग कापड घ्यावे लागेल, त्या बदल्यात कापड विणण्याची ताकद देशात येईल. आणि संपत्तीपेक्षा ती निर्माण करण्याची शक्ती मोठी, हा त्याचा हिशेब. त्याचा पुरावा चक्क हिंदुस्थानचा आहे. इंग्लंडने आपल्याकडचे तलम सुती आणि रेशमी कापड स्वतःच्या बाजारात बंद केले, स्वतःचे जाडेभरडे नि महागडे कापड वापरले, आणि तोच हिंदी माल युरोपातल्या इतर देशांना मात्र खुशाल स्वस्तात विकला. वर चढून झाल्यावर शिडी लाथाडायची आणि मग जगाला खुल्या व्यापाराचे धडे द्यायचे, असेही त्याने इंग्लंडबद्दल लिहिले. खुल्या व्यापाराचा कैवार घेणाऱ्या अॅडम स्मिथ या अर्थतज्ज्ञावर त्याने अन्याय केला आहे, हे मात्र मीही म्हणेन.

आता रानडे. लिस्टला हिंदुस्थानची हकीकत माहीत होती, तरी त्याचा निष्कर्ष काय? उष्ण कटिबंधातल्या देशांनी कारखानदारीच्या नादी लागणे ही घातक चूक ठरेल. त्यांनी कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण देशांचा पक्का माल घ्यावा. म्हणजे त्याच्या नकाशात मुंबईच्या गिरण्यांना जागाच नव्हती. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात रानड्यांनी नेमकी हीच वाटणी झोडपली. आशियाने कच्चा माल काढायचा आणि युरोपने कारखाने चालवायचे, हा निसर्गनियम कसला, असा त्यांचा रोख. त्यांनी हे खापर रूढ इंग्रजी अर्थशास्त्रावर फोडले. लिस्टचे नाव त्या व्याख्यानात येते ते गौरवानेच. याला आपण नक्कल म्हणता?

शिवाय जकात लावणे रानड्यांच्या हातात कुठे होते? १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला आणि लँकेशायरच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, कापड गिरणीवाल्यांची समजूत काढायला इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच अबकारी शुल्क बसवले. जकातीची वाट आपल्या हाती नसल्याने रानडे १८९० पासूनच दुसरीकडे वळले होते: सरकारने आपली पत वापरून उद्योगांना स्वस्त व्याजाने भांडवल मिळवून द्यावे, लोखंडाच्या धंद्याला आधी हात द्यावा, सरकारी खात्यांना लागणारा माल इथेच घ्यावा. यातल्या कर्जाच्या योजनेसाठी त्यांनी धडा घेतला तो लिस्टकडून नव्हे, तर जावातल्या डचांच्या कारभारावरून. डचांच्या त्या कारभारावरचा त्यांचा निबंध १८९८ च्या निबंधसंग्रहात आहे. आपला पुढचा आक्षेप त्यावर असेल तर वाचायला आवडेल.