स्ट्रायकरला शिव्या घालण्याची योग्य पद्धत

फुटबॉल बघायला आता अक्कल लागत नाही, मोबाइल लागतो. तरी आमच्या संभाजीनगरात अजून काही मागासलेले लोक शिल्लक आहेत, जे सामना सुरू झाला की पडद्याकडं बघत बसतात. त्यांचं सोडा. हे चार शब्द तुमच्यासारख्या जाणकारांसाठी आहेत. आपल्या क्लबचा नंबर नऊ, म्हणजे गोल मारण्यासाठीच पुढं ठेवलेला स्ट्रायकर, सध्या गोल करीत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (क्लबचं नाव मुद्दामच घेत नाही. प्रत्येकाच्या क्लबात असा एक असतोच.)

निकाल सामन्याआधीच देऊन टाकावा. अकरा जणांची यादी आली आणि त्यात त्याचं नाव दिसलं, की "झालं, आज दहाच जण खेळायलेत" असं म्हणून मोकळं व्हावं. हा विनोद दर शनिवारी केला तरी चालतो. ऐकणारे तेच असतात, पण त्यांना पर्याय नसतो.

त्याची किंमत पाठ ठेवा. पौंडांत नको, कोटींत. "एवढ्यात आपली जायकवाडीची पाइपलाइन झाली असती" असं म्हणलं की विषय संपतो.

पाण्याचा दिवस आणि सामना एकाच रात्री आला तर खुशाल पाणी भरा. प्रेशर दोन्हीकडं नसतं, पण टाकी तरी भरते.

आता थोडं तंत्र. नंबर नऊला चेंडू मिळाला नाही तर "दिसतच नाही" म्हणावं. तो खाली येऊन चेंडू घ्यायला लागला तर "जागा सोडून हिंडायलाय". त्यानं समोरचे दोन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, अंगावर घेऊन बाजूला नेले आणि त्या मोकळ्या जागेतून कडेनं पळणाऱ्या विंगरनं गोल मारला, तर "विंगर होता म्हणून वाचलो". आकडेवारीचंही तसंच. एक्सजी म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते, त्याचा अंदाज. एक्सजी जास्त आणि गोल कमी असतील, तर हा संधी घालवतो. एक्सजीच कमी असेल, तर हा जागेवर पोचतच नाही. गोल एक्सजीपेक्षा जास्त झाले, तर नशीब, पुढच्या सीझनला उतरेलच. पेनल्टीचा एक्सजी पाऊणच्या किंचित वर असतो, म्हणजे चार-पाचांतली एक वाया जाणारच, असं कुणी सांगायला लागला तर त्याला चहा आणायला पाठवावं.

इतिहास मात्र अजिबात वाचू नका, फार घोटाळा होतो. 1998 चा वर्ल्ड कप फ्रान्सनं घरच्या मैदानावर जिंकला. संघाचे 15 गोल झाले आणि नंबर नऊ असलेल्या ग्विव्हार्शचा त्यात एकही नव्हता. 2018 ला फ्रान्स पुन्हा जिंकला. या वेळी 14 गोल. नंबर नऊ ऑलिव्हिए जिरू सातही सामन्यांत उतरला. गोल राहू द्या, त्याचा एक फटकासुद्धा गोलपोस्टच्या रोखानं गेला नाही. जोडीच्या एम्बापे आणि ग्रीझमनला जी मोकळी जागा मिळत होती, ती आपोआप होत नव्हती, हा माणूस बचावपटूंशी अंगावर अंग घासून ती करून देत होता. पुढं डिसेंबर 2022 मध्ये याच जिरूनं थिएरी हेन्रीचा फ्रान्ससाठी 51 गोलांचा विक्रम मोडला. असली माहिती डोक्यात शिरली की तोंडातून शिवी नीट निघत नाही. म्हणून म्हणतो, वाचू नका.

स्पेनच्या स्ट्रायकर फर्नांडो टोरेसचं उदाहरण देणाऱ्यापासून तर लांबच बसा. जानेवारी 2011 मध्ये चेल्सीनं त्याला लिव्हरपूलकडून 5 कोटी पौंडांना घेतलं आणि पहिला गोल यायला एप्रिल उजाडला. सगळं जग हसलं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलच्या शेवटच्या क्षणी, अर्ध्या मैदानातून एकटा चेंडू घेऊन गेला आणि गोलकीपरला वळसा घालून त्यानं गोल केला. हसणारे त्या दिवशी कुठं गेले, माहीत नाही. बहुतेक दुसऱ्या कुणावर तरी हसत असतील.

आता मुख्य कला : सामना चारचौघांत कसा बघावा. शक्यतो दुसऱ्याच्या गच्चीवर बघावा. प्रोजेक्टर वर्गणीचा असावा आणि तुमची वर्गणी "पुढच्या वेळी देतो" या सदरात असावी. लॅपटॉपवरचं स्ट्रीमिंग खऱ्या सामन्याच्या मागं रेंगाळत असतं. म्हणून हातात स्कोअरचं ॲप उघडून ठेवावं, आणि पडद्यावर अजून थ्रो-इन चालू असताना "गेला! गेला गोल!" असं ओरडावं. मग बाकीच्या सगळ्यांनी, कुठं गोल होणार ते माहीत असलेला सामना, मेलेल्या डोळ्यांनी बघत बसावं. कुणी चिडलं तर "अरे, मी काय केलं? ॲपनं सांगितलं" म्हणावं.

गेल्या शनिवारचंच घ्या. सिडकोत मित्राच्या गच्चीवर आम्ही जमलो होतो. दोरीवर चादर ताणलेली, रात्री अकराचा सामना. आमच्यातले एक जाणकार पहिल्या मिनिटापासून नंबर नऊच्या सात पिढ्या उद्धारत होते. "ह्येला काय नुसतं पळायचे पैसे द्यायलेत का?" हाफटाइमला त्यांनी त्याला विकला. साठाव्या मिनिटाला त्याच्या जागी कोण आणायचा तेही ठरवून टाकलं. नंतर बसून बोलणं पुरेना, म्हणून उठले. उठले ते थेट प्रोजेक्टरच्या पुढ्यात, पडद्याकडं पाठ, आमच्याकडं तोंड. "तुम्हाला फुटबॉल कळत नाही, मी सांगतो..." चादरीवर त्यांचीच हातवारे करणारी मोठी काळी सावली. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर हिरवं मैदान, छातीच्या खिशापाशी पेनल्टी बॉक्स. आणि त्या खिशाच्या वरच्या कोपऱ्यात, बटणाजवळ, आमच्या नंबर नऊनं गोल मारला. हेडर होता म्हणे. मला बटण दिसलं.

शेजारच्या इमारतीतली पोरं ओरडली तेव्हा यांना कळलं. वळले, रिप्ले बघितला, आणि काय म्हणाले असतील? "बघा! मी म्हणलोच होतो, ह्याला वेळ द्या!"

कुणाला म्हणला होतास? कधी? अर्धा तास त्याला विकत होतास की रे तू!

बस्स. आता उपरोध वगैरे होत नाही माझ्याच्यानं.

तुला फुटबॉल बघायचाच नाही. तुला कुणीतरी चुकलेला बघायचाय. दिवसभर ऑफिसात साहेबापुढं तोंड उघडत नाहीस आणि रात्री परदेशातल्या एका तेविशीतल्या पोराला मायबहिणीवरून बोलतोस, कारण त्याला ते ऐकू जात नाही. टीका कर ना, कोण नाही म्हणतंय? पहिला टच वाईट आहे म्हण, नियर पोस्टला जायला घाबरतो म्हण. पण त्यासाठी बघावं लागतं. चेंडू नसताना तो कुठं उभा राहतो, कुणाला ओढून नेतो, हे दहा मिनिटं गप्प बसून बघितलंस का कधी?

आणि एवढाच स्ट्रायकरचा कळवळा असेल तर आपल्या देशाचं बोल. जानेवारी 2024 च्या आशियाई कपात भारत तीन सामने खेळला, तिन्ही हरला, एकही गोल नाही. त्या रात्री तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण तू बघतच नव्हतास. आपल्याच इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) वर्षानुवर्षं नंबर नऊची जागा परदेशी खेळाडूंनी घेतली, आपली पोरं विंगवर नाहीतर बाकावर. मग भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री, त्याच्यानंतर कोण, याचं उत्तर कुठून येणार? त्याच छेत्रीनं जून 2018 मध्ये व्हिडिओ काढून हात जोडले होते : आम्हाला नावं ठेवा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. अंधेरीत आदल्याच दिवशी भारत 5-0 जिंकला होता आणि बघायला माणसं होती 2,569. पुढच्या सामन्याला, भर पावसात, स्टेडियम भरलं. त्याचा शंभरावा सामना, त्यात त्याचे दोन गोल. इथून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई येते. गेलास कधी? मुंबई राहू दे, इथल्याच आमखास मैदानावर संध्याकाळी पोरं खेळतात, रिक्षानं जाता येतं. तिथल्या नंबर नऊला तोंडावर बोलून दाखव. तो वळून उत्तर देईल, म्हणूनच तू जात नाहीस.

आणि आधीची वर्गणी दे.