पास आहे, बस नाही

जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडी जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. त्यात धाकट्या दिरांनी लिहिलं, "विकून टाका एकदाची एसटी. वहिनी, तुमच्याकडे बस खासगीच आहेत ना? मग तिकडे कसं सगळं सुरळीत चालतं?"

भाऊजींचा हा प्रश्न मी वाचला तो ब्रिटनमध्ये, पश्चिम वेल्समधल्या एका फाट्यावर, पावसात उभी राहून. माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून बसची वाट बघत होते. बस आली नाही. येणार नाही असंही कुणी कळवलं नाही. चाळीस मिनिटांनी एका शेतकऱ्याने त्याच्या गाडीत घेतलं. मागच्या सीटवर त्याचा कुत्रा होता, आणि कुत्र्याला ही तडजोड मंजूर नव्हती.

भाऊजींना दोष देत नाही. परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंडन येतं. मी राहते ते केरेडिगियॉन, म्हणजे डोंगर, मेंढ्या आणि अख्ख्या परगण्यात मिळून सत्तरेक हजार माणसं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचं माझं काम आहे. मोटार चालवायला मी इथे आल्यावर चाळिशीत शिकले, कारण त्याशिवाय हे काम होतच नाही.

ज्यांच्याकडे सकाळी पहिली जाते त्या बाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी सोडली. फ्रीजवर चुंबकाखाली त्यांचा बसचा पास लावलेला असतो. वेल्समध्ये साठी ओलांडलेल्यांना २००२ पासून बसप्रवास फुकट आहे. त्यांच्या गावाला बस येते आठवड्यातून दोन दिवस. दवाखान्याची वेळ त्या दोन दिवसांतली मिळाली तर पासाचा उपयोग, नाहीतर गावातला कुणी स्वयंसेवक आपल्या गाडीतून मैलामागे ठरलेले पैसे घेऊन सोडतो. तोही सत्तरीचा. आपल्याकडे पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट झाली २०२२ मध्ये आणि बायकांना अर्धं तिकीट २०२३ मध्ये. आनंदच आहे. फक्त या बाईंचा फ्रीज बघितल्यापासून माझा पहिला प्रश्न असतो की फेऱ्या किती आहेत.

या बाईंच्या लहानपणी इथून रेल्वे जायची. अॅबरिस्टविथहून त्रेगारॉन, लॅम्पीटर करत खाली कार्मार्थेनला. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने ब्रिटनभरच्या तोट्यातल्या मार्गांवर कुऱ्हाड चालवली, त्यात हाही मार्ग होता. डिसेंबर १९६४ च्या पुराने रुळांचा एक तुकडा खचला, तो दुरुस्त करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये प्रवासी गाड्या बंदच झाल्या. दुधाच्या गाड्या पुढे काही वर्षं धावल्या. म्हणजे माणसांपेक्षा दुधाचं नशीब बरं. आता अॅबरिस्टविथहून कार्मार्थेनला रेल्वेने जायचं तर आधी इंग्लंडात श्रूजबरीला जावं लागतं आणि तिथून पुन्हा वेल्समध्ये शिरावं लागतं. रस्त्याने हे अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीला पुणे-पनवेलमार्गे रेल्वेने जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तो मार्ग पुन्हा टाकावा म्हणून इथले लोक चिवटपणे मागे लागलेत. २०१८ च्या पाहणीत खर्च निघाला ७७.५ कोटी पौंड. मी पाटण तालुक्यातली, कराड-चिपळूण रेल्वे भाषणांत ऐकत मोठी झालेली, त्यामुळे मला या आकड्याने धक्का बसला नाही.

पण भाऊजींचा मुद्दा बसचा होता, आणि त्याचं खरं उत्तर १९८६ मध्ये आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने बसवाहतूक खुली केली. परवाना असलेल्या कुणीही सहा आठवड्यांची नोटीस द्यावी आणि मार्ग सुरू करावा. तशीच नोटीस देऊन बंदही करावा. स्पर्धा होईल, भाडी उतरतील, सेवा सुधारेल असं सांगितलं गेलं. स्पर्धा झालीही, पण भरपूर उतारू होते त्या शहरी रस्त्यांवर. डोंगरातल्या गावासाठी कोण भांडणार? जिथे कंपनीला परवडत नव्हतं तिथे स्थानिक कौन्सिलने निविदा काढून, पदरचे पैसे घालून बस चालवायची असं ठरलं. पुढे कौन्सिलचाच पदर आखडत गेला आणि फेऱ्या एकेक करून गळाल्या. गंमत म्हणजे यातून लंडनला वगळलं होतं. जिथे खासदार बसतात त्या शहरात कुठली बस कुठून जाणार हे सरकारी यंत्रणाच ठरवत राहिली. भाऊजी लंडनला येऊन लाल बसमध्ये बसले तर खूश होतील, आणि खासगीकरणाचा चमत्कार म्हणून भलत्याच गोष्टीचं कौतुक करतील.

आमच्या भागात 'बुकाबस' नावाची चांगली सोय होती. फोन करून सांगायचं, छोटी बस जवळच्या थांब्यावर यायची आणि मोठ्या बसला नेऊन जोडून द्यायची. युरोपीय संघाच्या निधीवर ती २००९ पासून चालली. ब्रिटन संघातून बाहेर पडला, तो निधी आटला, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती बंद झाली. त्याच सुमारास वेल्समध्ये जोरात वाद चालू होता तो वस्तीतली वेगमर्यादा ताशी वीस मैल केल्याचा. त्याविरुद्ध साडेचार लाखांवर सह्या झाल्या, सेनेथच्या, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इतिहासात सर्वांत जास्त. गाडी हळू चालवावी लागते म्हणून एवढे लोक एकवटले. बस नाही म्हणून तेवढ्या सह्या कधी जमल्या नाहीत. बसने जाणाऱ्यांचं दुःख थोड्यांचं, त्यातही म्हाताऱ्यांचं आणि शाळकरी पोरांचं.

आणि शेवटी, २०२५ मध्ये, वेल्स सरकारने विधेयक आणलं: मार्ग आणि वेळापत्रक सरकार ठरवणार, कंपन्यांनी कंत्राटावर बस चालवायच्या. जवळजवळ चाळीस वर्षांनी गाडी मूळ थांब्याकडे निघाली आहे. सुरुवात नैऋत्येकडून २०२७ मध्ये करायचा बेत ठरला आणि मध्य वेल्सचा नंबर शेवटचा. ते ओघाने आलंच.

मी एसटीची आंधळी भक्त नाही. साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलाय, गाड्या जुन्या झाल्यात, संपाच्या त्या पाच-सहा महिन्यांत गावागावांत काय हाल झाले ते विसरता येत नाही. इथे अॅबरिस्टविथ ते कार्मार्थेन विजेवरची बस धावते. ती वेळेवर असते, चाकाची खुर्ची सरळ आत जाते, उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला धन्यवाद म्हणतो. अशी बस आमच्या खोऱ्यात गेली तर मी हार घालीन. पण 'तोट्यातल्या फेऱ्या' हा शब्द आला की मी सावध होते. लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्यांच्या पैशावर डोंगरातली रिकामी फेरी चालते, हा एसटीचा हिशेब आहे. भरलेल्या गाड्या तेवढ्या कुणी उचलल्या, तर रिकामी फेरी कोणाच्या गळ्यात? कराडात एसटी चुकली तर दुसरी मिळते, नाहीतर वडापची जीप उभीच असते. भाऊजी कराडातून बघतात. माझं माहेर खोऱ्याच्या शेवटच्या टोकाला.

तिथे मुक्कामी गाडी यायची. दिवेलागणीनंतर घाटातून तिचा आवाज आला की आई भाकरी टाकायला घ्यायची. सकाळी सहाला तीच गाडी दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि कुणी आजारी माणूस घेऊन पाटणला निघायची. भारमान, म्हणजे किती जागा भरतात ते, बघितलं असतं तर ती केव्हाच बंद झाली असती. माझी बारावी त्या गाडीवर झाली.

परवा त्या बाईंना हे सांगत होते. रात्रभर बस गावातच उभी राहते, हे त्यांना फार आवडलं. मग त्यांनी विचारलं, "आणि ड्रायव्हर कुठे झोपायचा?"

म्हटलं, मारुतीच्या देवळात. ड्रायव्हर-कंडक्टर दोघंही.

"सकाळचा चहा?"

"तो आमच्याकडे."