डॉक्टरची गाडी आहे, भाऊ!

जळगावात विकायला आलेली प्रत्येक जुनी टर्बो सेडान डॉक्टरचीच कशी असते हो? तीही 'सिंगल हँड, फक्त हायवेला चाललेली'! मग सेल मारल्यावर मागून जळक्या ऑइलचा निळा धूर का? 'इंजिन थंड आहे ना, भाऊ.' मे महिन्यात? भुसावळ ४५ अंशांवर उकळतंय आणि इंजिनाला थंडी वाजते!

अहो, टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा; तो मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळशा थरावर. आधीच्या मालकाने ते ऑइल वर्षानुवर्षं बदललंच नाही. धुळ्याहून सुसाट यायचं, ढाब्यावर खटकन चावी बंद! तापलेल्या टर्बोतलं ऑइल जळून कोळसा. बिल कोणाला? मला!

कूलंटची टाकी दर आठवड्याला अर्धी. गिअरबॉक्स अजिंठा चौफुलीच्या गर्दीत असे हिसके देतो की पोटातली शेवभाजी वर येते. घेताना बोनेट उघडलं तेव्हा इंजिन कसं लख्ख होतं, डिझेलने पुसलेलं. गळती दिसायला नको ना! सर्व्हिस बुक? 'घरी राहिलं.' कोणाच्या घरी? डॉक्टरच्या!

परवा विकणाऱ्याला म्हटलं, त्या डॉक्टरांचा नंबर तरी द्या.

'ते आता फॉरेनला असतात, भाऊ.'