चार दिवसांत केलंत काय?

सुट्टीहून परतल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न, "स्कूबा केलंस ना?" नाही केलं. "जेट-स्की तरी?" तेही नाही. "मग एवढ्या लांब जाऊन चार दिवस केलंत काय?"

खरं सांगायचं तर फार काही नाही. आणि आता माझं ठाम मत झालंय की समुद्रकिनारी जाऊन आपण मुंबईकर जी 'वसुली' करत सुटतो ना, त्यापायी सुट्टीचं वाटोळं होतं. पॅकेजमध्ये अकरा पॉइंट. सकाळी सातला नाश्ता, साडेसातला गाडी. अहो, हे तर आपण मुलुंडमध्येही करतो!

नाताळात आम्ही पाचजण अंदमानला गेलो. सेल्युलर जेल पाहिलं. सासूबाई कोठडीच्या दाराशी बराच वेळ काही न बोलता उभ्या राहिल्या. मग बोटीने नील बेटावर. २०१८ पासून त्याचं नाव शहीद द्वीप, पण जेटीवर सगळे नीलच म्हणतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलेलं, त्यामुळे गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आणि रस्त्याच्या कडेला भाजीचे मळे.

राहायला बांबूच्या झोपड्या. एक पंखा, एक मच्छरदाणी, बादलीत पाणी. एसी नाही, टीव्ही नाही, नेटवर्क मनात येईल तेव्हा. नवऱ्याचा चेहरा पडला. सासूबाईंनी पायरीवर बसून समोर पाहिलं आणि म्हणाल्या, "गो, हय बघूक काय असा?"

आई, म्हणजे सासूबाई, मूळच्या देवगडच्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्यांचं पाठ. म्हणजे दशमी असेल तर साडेसात. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब करून आम्हाला बाहेर काढलं, तर भरती त्याआधीच येऊन ओसरायला लागलेली! चुकीचे सुट्टे देणाऱ्या कंडक्टरकडे बघावं तसं त्यांनी समुद्राकडे पाहिलं.

सूर्यही तसाच. घड्याळ आपलंच, सूर्य मात्र त्यांचा. मुंबई आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) यांच्यात जवळपास २० रेखांशांचं अंतर, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सव्वा तासाहून जास्त. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त, साडेपाचला मिट्ट. पहिल्या संध्याकाळी आम्हाला सुचेना काय करायचं. साडेपाचला मुंबईत आपण लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा शोधत असतो. इथे जेवणापर्यंत तीन तास मोकळे! त्या तीन तासांत दीर आणि नवरा लहानपणच्या भांडणांवर पुन्हा भांडले, आणि सासूबाईंनी मला त्यांच्या बहिणीची गोष्ट सांगितली. लग्नाला तेरा वर्षं झाली माझ्या, ही बहीण मला ठाऊकच नव्हती.

लेक नऊ वर्षांची. पहिल्यांदा कमरेइतक्या पाण्यात गेली आणि किंचाळली. मला वाटलं काहीतरी चावलं. तर म्हणते, "आई, पाय दिसतायत!" समुद्रात पाय दिसतात हे तिला माहीतच नव्हतं. कसं असेल? दादर चौपाटीवर आपण मुलांना घोट्याच्या वर जाऊ देत नाही. समुद्राच्या शहरात जन्म, पण समुद्र कठड्यावर बसून बघायचा. ओहोटीला प्रवाळाचे खडक उघडे पडले की मधल्या डबक्यांत मासे आणि समुद्रकाकड्या अडकतात. एका डबक्यापाशी ती उकिडवी दोन तास बसली होती. शिंपले, प्रवाळ घरी न्यायला मनाई आहे, त्यामुळे "हे घेऊ, ते घेऊ" हाही प्रश्न मिटला.

त्रास झाला नाही असं नाही. वाळूतल्या चिलटांनी पाय फोडून काढले, दोनदा वीज गेली, गरम पाणी मागून आणावं लागलं. आणि साधं म्हणजे स्वस्त असंही समजू नका. विमानाचं भाडं राहण्याच्या कितीतरी पट झालं. तेव्हा "एवढे पैसे घालून झोपडीत?" हा दिरांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

जेवणात मोहरीच्या तेलातलं मासळीचं कालवण. सासूबाईंना दोन दिवस कळेना, की अंगणात नारळांचा खच पडलेला असताना वाटप का नाही. तिसऱ्या दिवशी त्या थेट स्वयंपाकघरात घुसल्या. मालकीणबाईंना मराठी येत नाही, आईंना बंगाली. पिशवीतून आमसुलं काढली, नारळ खवून घेतला आणि सोलकढी केली. मालकीणबाईंनी एक घोट घेतला, विचार केला, आणि चिमूटभर साखर घातली. आईंनी ते सहन केलं, यावरून सुट्टी किती मानवली होती ते ओळखा.

जाणार असाल तर रोख पैसे न्या, बॅटरी न्या, डासांचं मलम दोन ट्यूब. आमसुलं आठवणीने. आणि भरतीची वेळ तिथल्याच माणसांना विचारा.