अँजिओग्राफी नॉर्मल, मग गोळ्या कशाला?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला: 'हार्ट मोठं झालंय? घाबरू नका. अँजिओग्राफी नॉर्मल म्हणजे हृदय ठणठणीत. हा म्हातारपणाचा आजार. पंपिंग सुधारलं की गोळ्या बंद करा, अर्जुनसालीचा काढा सुरू करा.' माझ्या मामांना डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हेच 'मोठं झालेलं हार्ट', आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या. या आजारात बिघडतो तो स्नायू: डावा कप्पा ताणून पसरतो आणि नीट आकुंचन पावत नाही. ब्लॉकेज नाही म्हटल्यावर तर डॉक्टरांचा संशय स्नायूवर जातो.

म्हातारपणाचं म्हणाल, तर मामांना दादरच्या पुलावर दम लागायला लागला तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. व्हायरसचा संसर्ग, दारू, केमोथेरपीची काही औषधं, बाळंतपण, जनुकं, कारणं बरीच. कधी कारण सापडतही नाही. जनुकांमुळेच डॉक्टरांनी मामांच्या भावंडांचा आणि मुलांचाही टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. मेसेजवाल्याला ही गोष्ट सुचलीही नाही.

आता पंपिंग. एकोत ईएफ, म्हणजे पंपिंगचा टक्का, 30 आला की घरात रडारड होते, जणू 70 टक्के हृदय मेलं. पण 100 कुणाचाच नसतो. धडधाकट माणसाचा डावा कप्पाही दर ठोक्याला आतलं साधारण 55 ते 70 टक्केच रक्त बाहेर फेकतो. औषधांनी 30चा 50 होऊ शकतो, मामांचा झाला. आणि नेमकं तिथेच हा मेसेज गोळ्या बंद करायला सांगतो! इंग्लंडमध्ये हे करून पाहिलंय. पंपिंग सुधारलेल्या, त्रास नसलेल्या रुग्णांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला निकाल असा: सहा महिन्यांत 25 पैकी 11 जणांचा आजार पुन्हा उफाळला. गोळ्या चालू ठेवलेल्यांत तेवढ्या काळात एकाचाही नाही. म्हणजे सुधारलेला आकडा गोळ्यांनी धरून ठेवलेला होता.

अर्जुनसालीवर छोटे अभ्यास झालेत, पण ती या गोळ्यांची जागा घेते असं कशातूनही सिद्ध झालेलं नाही. कुणी घेत असेल तर निदान डॉक्टरांना सांगावं.

अंगात पाणी साठवणाऱ्या, पापड-लोणच्यातल्या मिठाबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही. मामा रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साठतंय असं समजून लगेच डॉक्टरांना फोन लावतात.