गिटहबवर टाकलं की कोड अमर? कसला अमर!

जुन्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड जपण्याबद्दल एक मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) टाकलं की कोड अमर, टेक्स्ट फाइलचं काही बिघडत नसतं, हिस्टरी (कोडमध्ये कधी काय बदललं ते) गिट (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) आपोआप ठेवतं, आणि आता तर आर्क्टिकच्या बर्फात पण कॉपी आहे. चारही ठिकाणी गडबड आहे.

अमर म्हणाल तर गूगल कोड आठवा, ती पण अशीच कोड ठेवायची साइट. मार्च २०१५ मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं आणि जानेवारी २०१६ मध्ये कुलूप (अर्काइव्ह ठेवलं, हे मान्य). बिटबकेट या तसल्याच साइटने २०२० मध्ये मर्क्युरिअलचा (गिटसारखाच दुसरा प्रोग्राम) सपोर्टच काढला आणि त्याचे रेपो (एका प्रोजेक्टचा कोड नि हिस्टरी यांचं गाठोडं) पण काढून टाकले, त्यातले अडीच लाखांहून जास्त पब्लिक रेपो सॉफ्टवेअर हेरिटेज या कोड जपणाऱ्या संस्थेच्या लोकांनी आधी धावपळ करून उचलले म्हणून वाचले. गिटहब मी पण रोज वापरतो, पण शेवटी ते भाड्याचं घर आहे.

'टेक्स्ट फाइलला काय होणार' हे वाचून तर हसूच आलं. एप्रिल २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ४.०० आवृत्तीचा कोड गिटहबवर टाकला, एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कुणीही वापरा, चांगलं काम केलं, पण टाकताना फाइली यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची आजची पद्धत) मधून गेल्या आणि काही कॅरेक्टर्सची वाट लागली. शिवाय फाइलची मूळ तारीख गिट ठेवतच नाही, आणि जुन्या कोडमध्ये बऱ्याचदा कुठली फाइल आधीची नि कुठली नंतरची याचा तेवढाच पुरावा असतो.

मी स्वतः हे करून बसलोय. एका पतसंस्थेचा डॉसवरचा फॉक्सप्रो प्रोग्राम, त्यात 'खातेदाराचे नाव', 'शिल्लक' असली मराठी लेबलं इस्कीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीचं आपलं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत). मी फाइल आजच्या एडिटरमध्ये उघडली, एक स्पेस काढली, सेव्ह केली, कमिट केलं, म्हणजे गिटमध्ये नोंदवलं. एडिटरने ती यूटीएफ-८ समजून जो बाइट कळला नाही तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह टाकलं होतं, म्हणजे जवळपास सगळ्या मराठीच्या जागी तेच, आणि मूळ बाइट परत आणायची सोय नाही. गिटने माझी चूक अगदी इमानदारीने जपून ठेवली! फ्लॉपी अजून वाचता येत होती म्हणून निभावलं. तेव्हापासून पहिला कमिट जसाच्या तसा, बायनरी समजून, आणि साफसफाई दुसऱ्या कमिटमध्ये.

आता हिस्टरी. गिट ज्याच्यासाठी बनलं त्या लिनक्स कर्नलचंच (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) बघा ना, एप्रिल २००५ च्या पहिल्या कमिटमध्ये लिनक्सचा नि गिटचा जनक लिनस टोरवाल्ड्सने स्वतः लिहिलंय की पूर्ण हिस्टरी आहे, पण मी ती घालत बसत नाही, साधारण ३.२ जीबी होईल. म्हणून एखाद्या जुन्या ओळीला ब्लेम (ती ओळ कधी, कुणी लिहिली ते दाखवणारी गिटची कमांड) मारला की त्या पहिल्या कमिटवर, म्हणजे २.६.१२-आरसी२ या आवृत्तीवर येऊन भिंत लागते, त्याआधीचं दुसऱ्यांनी वेगळ्या रेपोत जुळवलंय. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमची १९७० पासूनची हिस्टरी एका रेपोत दिसते ती डायोमिडिस स्पिनेलिस या संशोधकांनी जुने रिलीज, प्रिंटआउटवरून परत मिळवलेला कोड, कुणी काय लिहिलं याच्या नोंदी असं सगळं जोडून बसवली म्हणून. आपोआप काही झालेलं नाही. अपोलो ११ चा कोड तर कागदावरच होता, स्कॅन केलेल्या लिस्टिंगवरून लोकांनी टाइप केला. आणि गंमत म्हणजे तो १९६९ चा, तर गिटचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून चालू होतं, त्यामुळे त्या कमिटला खरी तारीख द्यायची म्हटली तरी पंचाईत.

राहिला बर्फ. स्वालबार्डच्या (आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं) खाणीत गिटहबने २१ टीबी डेटा फिल्मवर ठेवलाय हे खरं, पण तो २ फेब्रुवारी २०२० चा स्नॅपशॉट आहे, म्हणजे त्या दिवशीची कॉपी. वरचा डॉस ४.०० चार वर्षांनी आला, तो त्यात असणार कुठून? आणि माझी पतसंस्थेची फ्लॉपी तेव्हा कपाटात होती, जुन्या लाइट बिलांच्या खाली.